टॅपरूममधली ताजी बीअर प्यावी कशी? एका सोलापूरकराच्या शंका

होटगी_रोडकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे आणि सुताची खरेदी व वसुली या निमित्ताने महिन्या-दीड महिन्यातून एकदा पुण्याला जाणे होते. बीअरशी माझी ओळख वीस-बावीस वर्षांची असली तरी ती एकाच प्रकारची आहे, हे आधीच सांगून टाकतो. परमिट रूममध्ये बसायचे, साडेसहाशे मिलिलिटरची 'स्ट्राँग' बाटली मागवायची, ती 'चिल्ड' आहे ना हे वेटरला दोनदा विचारायचे आणि खारे शेंगदाणे संपेपर्यंत तीही संपवायची. मे महिन्यात पारा ४३ अंशांवर गेलेला असताना या पद्धतीत काही उणे आहे असे मला कधी वाटले नाही, आणि खरे सांगायचे तर बाटलीत जे असते त्याला स्वतःची अशी काही चव असते इकडे माझे लक्षही गेलेले नव्हते.

मागच्या खेपेला माझा भाचा (वय २६, पुण्यातच नोकरीला) मला एका टॅपरूममध्ये, म्हणजे जेथे बीअर बनते तेथेच ती तोटीतून देतात अशा ठिकाणी, घेऊन गेला. तेथे बाटली नव्हतीच. काचेच्या भिंतीमागे स्टीलच्या उंच टाक्या होत्या, फळ्यावर खडूने आठ नावे लिहिलेली होती आणि त्यांतले एकही माझ्या ओळखीचे नव्हते. सर्वांत वरचे नाव मागवले, तर ते गुढीपाडव्याला चघळायच्या कडुनिंबासारखे कडू निघाले. अर्धा ग्लास तसाच राहिला. दुसरी मागवली ती पातळ ताकासारखी गढूळ होती. तिसऱ्या ग्लासाला तर लोणी कढवताना येतो तसा वास येत होता. तेथल्या मुलाला मी तसे सांगितले, तेव्हा "सर, फ्लेवरच तसा आहे" एवढे म्हणून तो दुसऱ्या टेबलाकडे गेला. यांतली एकही बीअर दात शिवशिवतील इतकी थंड नव्हती, आणि जे बिल आले त्यात आमच्याकडे चार जणांची बैठक आरामात झाली असती.

भाच्याचे म्हणणे असे की मामा, तुम्ही चुकीच्या क्रमाने प्यालात. असेलही. मला वाद घालायचा नाही. ज्या गोष्टीसाठी लोक एवढे हौसेने जातात ती मला का उमगली नाही, हे समजून घ्यायचे आहे. गढूळपणा हा दोष असतो की रीतच तशी असते, थंड का देत नाहीत, माझ्यासारख्याने सुरुवात कोठून करावी आणि ही 'स्वतंत्र' ब्रुअरी (बीअरचा कारखाना) म्हणजे नेमके काय, यावर जाणकारांनी लिहावे. आणखी एक शंका आहे, हसू नये. आमच्या जिल्ह्यातल्या ज्वारीची बीअर होऊ शकते का?

हुतात्मा_प्रवासी

लोण्याचा वास आपल्याला खरोखरच आला होता, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

मी मूळचा मुरारजी पेठेतला. गेली पंधरा वर्षे पुण्यात स्टेनलेस स्टीलच्या टाक्या आणि चिलर यांच्या जोडणी-दुरुस्तीच्या कामात आहे. आधी दूध डेअऱ्यांची कामे करीत होतो, पुढे ब्रुअऱ्यांचीही येऊ लागली. विरजलेल्या सायीच्या लोण्याला ज्या द्रव्यामुळे वास येतो, तेच डायअॅसिटिल बीअर आंबताना यीस्टकडूनही तयार होते. विशेष असे की आंबण्याच्या शेवटी बीअर दोन-तीन दिवस जरा उबदार ठेवली, तर यीस्टच ते परत शोषून घेते आणि वास नाहीसा होतो. शनिवारच्या गर्दीसाठी टाकी लवकर रिकामी करण्याची घाई झाली की हा विसावा तोडला जातो. दुसरे कारण त्याहून साधे आहे. टाकीपासून तोटीपर्यंतच्या नळ्या वेळेवर धुतल्या नाहीत, तर त्यांत जिवाणू बसतात आणि तेही हाच वास निर्माण करतात. या नळ्या दर दोन आठवड्यांनी धुवाव्यात, असा या व्यवसायातला दंडक आहे. काही जुन्या इंग्लिश पद्धतीच्या 'एल' प्रकारच्या बीअरमध्ये हा वास पुसटसा असलेला चालतो हे खरे; परंतु लोणी कढवल्याची आठवण यावी इतका तो असेल, तर ग्लास परत करून दुसरी मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि चांगल्या ठिकाणी ब्रुअर स्वतः येऊन तो ग्लास हुंगून पाहतो. त्या मुलाने दिलेले उत्तर अज्ञानातून आलेले होते.

आता गढूळपणाकडे वळू. बीअर चार गोष्टींची बनते: माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू, हॉप्स नावाच्या वेलीची फुले, यीस्ट आणि पाणी. बव्हेरियात १५१६ साली जो प्रसिद्ध कायदा झाला, त्यात तर सातू, हॉप्स आणि पाणी एवढ्यांचीच नावे आहेत, कारण यीस्ट ही काय वस्तू आहे हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. भरडलेला माल्ट साधारण ६५ ते ६८ अंश तापमानाच्या पाण्यात तासभर मुरवला, की दाण्यातल्याच पाचक द्रव्यांमुळे पिठाची साखर होते. ते गोड पाणी गाळून, हॉप्स घालून तासभर उकळतात, थंड करतात आणि यीस्ट सोडतात. बाटलीची बीअर पुढे काटेकोर गाळली जाते आणि बहुधा पाश्चराइज केली जाते, कारण तिला गोदामात, ट्रकमध्ये आणि दुकानाच्या फळीवर महिनोन्‌महिने टिकायचे असते. टॅपरूममधल्या बीअरला टाकीपासून आपल्या टेबलापर्यंतचे वीस-तीस फूट एवढाच प्रवास असल्याने तिला यांतले काही करावे लागत नाही. आपण प्यालात ती बहुधा गव्हाची बीअर असावी. गव्हातल्या प्रथिनांमुळे आणि तरंगत राहिलेल्या यीस्टमुळे ती धूसर दिसते, आणि तिने तसेच दिसावे अशी अपेक्षा असते. मात्र पिल्सनर म्हणून दिलेला ग्लास गढूळ आला, तर शंका जरूर घ्यावी. १८४२ साली बोहेमियातल्या प्लझेन गावी ही बीअर पहिल्यांदा तयार झाली, आणि तिचे नाव झाले त्यात तिच्या सोनेरी, आरपार दिसणाऱ्या रंगाचा मोठा वाटा होता.

थंडपणाबद्दल आपल्याला माझे म्हणणे कदाचित पटणार नाही, कारण सोलापूरच्या उन्हाळ्यात मी स्वतः वाढलो आहे आणि माठातल्या पाण्यालाही नाके मुरडणारे आम्ही लोक आहोत. तरीही सांगतो, बर्फाइतक्या थंड पेयाने जीभ बधिर होते आणि वास वर येत नाही. 'चिल्ड' बाटलीत चव नसते असे आपल्याला वाटले, त्यात त्या थंडीचाही वाटा आहे. पिल्सनर ५-६ अंशांवर, गव्हाची बीअर ७-८ वर आणि स्टाउटसारखी काळी बीअर १०-१२ वर दिली, तर तिच्यात जे आहे ते कळते.

कडू निघाली ती आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल. नावात इंडिया असली तरी ती पिणारे आपण नव्हतो. इंग्लंडहून जहाजाने येणारी ही बीअर येथल्या गोऱ्या साहेबांसाठी असे, आणि हॉप्समध्ये टिकवण्याचा गुण असल्याने लांबच्या प्रवासासाठी ते सढळ हाताने घालीत. पहिल्याच ग्लासाला ती मागवणे म्हणजे पोळीशी प्रथम ओळख होणाऱ्या माणसाच्या ताटात एकदम काळ्या मसाल्याचा ठेचा वाढणे होय. तो क्रम मात्र भाच्याने सांभाळायला हवा होता, मामाने नव्हे!

गुळभेंडी

वरचा प्रतिसाद तपशीलवार असल्याने मी त्यातले काही पुन्हा लिहीत नाही. मी अन्न तंत्रज्ञान शिकले आहे आणि माझे माहेर मंगळवेढ्याचे आहे, तेव्हा ज्वारीवर बोलण्याचा थोडासा हक्क सांगते. पण आधी एक घरचीच गोष्ट.

आपण सारे हुरडा खातो. पौष-माघात शेतात आगटी पेटवायची, कणसे निखाऱ्यात भाजायची, हातावर चोळून दाणे काढायचे आणि ते गरम असतानाच शेंगाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. तोच हुरडा डब्यात भरून सोलापुरात घरी आणला तर संध्याकाळपर्यंत चिवट होतो, आणि ज्याने शेतात खाल्लेला नाही त्याला "यात एवढे काय आहे?" असे वाटते. टॅपरूमचे नेमके असेच आहे. न गाळलेल्या ताज्या बीअरमध्ये यीस्ट जिवंत असते, हॉप्सचा वास दिवसागणिक उतरत जातो आणि उष्णता लागली की दोन्ही बिघडतात. म्हणून भाच्याला "दोन लिटर भरून आण" असे सांगण्याचा मोह टाळावा; नियमांचा भाग बाजूला ठेवला तरी, अडीचशे किलोमीटर उन्हातून आलेली ती बीअर आपल्याला आवडणार नाही आणि दोष मात्र बनवणाऱ्याला लागेल.

सुरुवात कोठून करावी, तर गव्हाच्या बीअरपासून. जर्मन पद्धतीची हेफेवाइझन असेल तर ग्लास तोंडाला लावण्याआधी वास घ्यावा. पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळेही नसते आणि लवंगही नसते. दोन्ही वास त्या विशिष्ट यीस्टचे असतात. बेल्जियन विटबिअर असेल, तर तिच्यात मात्र खरोखरच धने आणि संत्र्याची साल घालतात, त्यामुळे आपल्या जिभेला ती परकी वाटत नाही. त्यानंतर पिल्सनर किंवा साधी लागर (आपल्या नेहमीच्या बाटलीच्याच कुळातली बीअर), मग हवी तर काळी स्टाउट, जिच्यात भाजलेल्या सातूमुळे कॉफीसारखा कडवटपणा असतो, आणि आयपीए अगदी शेवटी. बहुतेक ठिकाणी शंभर-सव्वाशे मिलिलिटरच्या लहान ग्लासांचा संच मिळतो, तो मागवावा. अख्खा ग्लास अर्धा टाकून उठण्यापेक्षा ते स्वस्त पडते. सोबत तिखटजाळ काही घेऊ नये. तिखटाने हॉप्सचा कडूपणा दुप्पट वाटतो. शेंगदाणे चालतील.

आता ज्वारी. हसण्यासारखे त्यात काही नाही, कारण आफ्रिकेत ज्वारीची बीअर शतकानुशतके होत आली आहे. बुर्किना फासोमध्ये तिला डोलो म्हणतात आणि ती प्रामुख्याने बायका बनवतात. नायजेरियाने तर १९८८ मध्ये सातूच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तेथल्या मोठमोठ्या कारखान्यांना ज्वारी आणि मक्याकडे वळावे लागले, आणि लागर बीअर बंद पडली नाही.

अडचण निराळीच आहे. सातूचा स्टार्च ज्या तापमानाला फुगून मऊ होतो, त्याच सुमारास त्याची साखर करणारी द्रव्येही कामाला लागतात, त्यामुळे सगळे एकाच भांड्यात उरकते. ज्वारीचा स्टार्च त्याहून जास्त उष्णता मागतो, अनेकदा सत्तर अंशांच्याही वर, आणि तेवढ्या उष्णतेत ती पाचक द्रव्ये मरू लागतात. शिवाय ज्वारीच्या माल्टमध्ये त्यांचे प्रमाण मुळातच कमी असते. म्हणून ज्वारी आधी वेगळी शिजवावी लागते. आपल्याकडे कण्या शिजवतात, अगदी तशी. ती सातूच्या माल्टमध्ये मिसळली की सातूची द्रव्ये दोघांचेही काम करून टाकतात. लाल रंगाच्या काही जातींत टॅनिन जास्त असल्याने हे काम अडखळते. आपली पांढरी, मोत्यासारखी मालदांडी त्या बाबतीत सोयीची आहे. ही मालदांडी ३५-१ निवडली गेली ती आपल्याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही आहे.

एक इशारा देते, कारण वाचून कोणीतरी घरी मोड आणायला बसेल. ज्वारीच्या कोवळ्या मोडांत सायनाइड तयार करणारे द्रव्य असते. जनावराने शेतातले कोवळे फुटवे खाल्ले की किरळ लागते, म्हणजे विषबाधा होते, ती याच कारणाने. माल्ट करताना म्हणूनच दाणा वाळल्यावर मोड आणि मुळ्या चोळून काढून टाकतात. आणि महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बीअर गाळणे हा गुन्हा आहे. घरी आंबील करावी. तीही आंबवलेली ज्वारीच आहे, पण तिच्यात काम करतात ते दह्यातल्यासारखे जिवाणू, त्यामुळे तिच्यासाठी परवाना लागत नाही.

जुना_परमिटवाला

चर्चा रंगली आहे, पण कोणीतरी खिशाचे आणि कायद्याचेही बोलायला हवे, म्हणून चार ओळी लिहितो.

मला ही बीअर आवडते, तरीही ती महाग आहे हे मान्य करावे. हॉप्स आणि वेगवेगळ्या प्रकारचे माल्ट बहुतांशी बाहेरून येतात, टाक्या दिवसरात्र थंड ठेवाव्या लागतात, परवान्याचे पैसे आणि कर आहेतच, आणि हे सारे विभागले जाते ते थोड्याशा लिटरांवर. परंतु यावर उपाय म्हणून "पैसे वसूल करू" या हिशेबाने प्यायला बसणे चुकीचे ठरेल. धागाकर्त्यांच्या बाटलीवर ८ टक्क्यांपर्यंत मद्यार्क लिहिलेला असतो, येथे तो बहुधा साडेचार ते सहा असतो. ज्याला लवकर 'लागायला' हवी आहे त्याने एवढे पैसे खर्चून तेथे जाऊच नये.

आपल्या राज्यात बीअरसाठी किमान वय २१ आहे आणि पिण्याचा परवाना लागतो, हे सर्वांना ठाऊक असूनही बहुतेकजण विसरतात. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क घेऊन गाडी चालवल्यास पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ही मर्यादा किती लवकर ओलांडली जाते याचा अंदाज माणसाला स्वतःला येत नाही. पुण्याहून रात्री गाडी हाकत सोलापूरला येणाऱ्यांनी टेंभुर्णी ते मोहोळ या टप्प्यावर ऊस वाहणारे, दिवे नसलेले ट्रॅक्टर आठवावेत आणि रेल्वेने यावे.

चादर_आणि_टॉवेल

'स्वतंत्र' या शब्दावर कोणी लिहिले नाही, आणि आम्हा सोलापूरकरांना तो सर्वांत लवकर समजावा.

बाजारात 'सोलापुरी चादर' म्हणून जे विकले जाते, त्यातले सगळे सोलापुरात विणलेले नसते. चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरीही गिऱ्हाईक लेबल वाचते, माग पाहत नाही. अमेरिकेत बीअरचे हेच झाले. छोट्या ब्रुअऱ्यांचे नाव झाले, तशा मोठ्या कंपन्यांनी त्या विकत घ्यायला सुरुवात केली. शिकागोची गूस आयलंड २०११ मध्ये अनहॉयझर-बुश इनबेव्ह या बड्या बीअर कंपनीकडे गेली तेव्हा पुष्कळ गदारोळ झाला, कारण बाटलीवरचे चित्र तेच राहिले आणि मालक तेवढा बदलला. तेथल्या ब्रुअर्स असोसिएशनची 'क्राफ्ट', म्हणजे छोट्या व स्वतंत्र, ब्रुअरची व्याख्या अशी आहे की वर्षाचे उत्पादन ६० लाख बॅरलपर्यंत असावे आणि जी कंपनी स्वतः क्राफ्ट ब्रुअर नाही अशा मद्यकंपनीची मालकी २५ टक्क्यांपेक्षा कमी असावी. ६० लाख बॅरल म्हणजे जवळपास ७० कोटी लिटर, तेव्हा तेथला 'छोटा' हा शब्द आपण जपूनच घ्यावा. २०१७ पासून स्वतंत्र ब्रुअऱ्या उलट्या बाटलीचे एक चिन्ह लावतात, त्यावरून ओळख पटते.

आपल्याकडे चिन्ह पाहण्याची गरज सहसा पडत नाही, कारण टॅपरूममध्ये टाकी डोळ्यांसमोरच असते. २००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाली आणि आपल्या राज्यातल्या या व्यवसायाची सुरुवात तेथून मानली जाते. २०१४ मध्ये इंडिपेन्डन्स ब्रुइंग कंपनी आली, पुढे ग्रेट स्टेट एलवर्क्स आणि इतर आल्या. डूलाली हे नावही नाशिकजवळच्या देवळालीवरून आलेले आहे: मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथल्या छावणीत अडकलेले गोरे सैनिक कंटाळून वेडगळासारखे वागत, त्यावरून इंग्रजीत तो शब्द रूढ झाला. मराठी गावाचे नाव विलायतेला जाऊन, वेडाचा अर्थ घेऊन, बीअरच्या फळ्यावर परत आले याची मला फार गंमत वाटते.

आपण कारखानदार आहात, म्हणून एक सुचवतो. शनिवारी रात्री जाऊ नका. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास जा, तेव्हा ब्रुअर मोकळा असतो, आणि त्याच्याशी गिऱ्हाईक म्हणून बोलण्याऐवजी मालाविषयी बोला.

होटगी_रोडकर (धागाकर्ता)

सव्वा महिन्याने लिहितो आहे, त्याबद्दल क्षमस्व. एक खेप फुकट गेली, कारण मी मोठ्या तयारीने पुण्यात उतरलो तो दिवस २ ऑक्टोबर होता. भाचा अजून हसतो आहे.

गेल्या बुधवारी पुन्हा गेलो, दुसऱ्या एका ठिकाणी, बरोबर चार वाजता. आम्ही दोघे आणि लॅपटॉप उघडून बसलेली एक मुलगी, एवढेच लोक होते. चादर_आणि_टॉवेल यांच्या सांगण्याप्रमाणे "या टाकीत माल कधी भरला?" असे विचारले, तर ब्रुअर स्वतःच बाहेर आला. तिशीतला मुलगा, पायात रबरी बूट, हातांना ओल्या भुश्श्याचा वास. त्याने आम्हाला आत नेले. माल्ट मुरवून झाल्यावर उरलेला चोथा पोत्यांत भरणे चालले होते. तो दररोज गोठेवाला घेऊन जातो, म्हणाला. मूठभर हातात घेऊन पाहिला, तर गरम सातूच्या पिठाचा वास आला, लहानपणी आजी गूळ घालून कालवीत असे त्याचाच.

मग त्याने टाकीच्या नमुन्याच्या तोटीतून एका उंच नळकांड्यात बीअर घेतली आणि तीत काचेचे एक तरंगते मोजमाप सोडले. आंबवायला घातली तेव्हा आकडा (पाणी १ धरले तर बीअरची घनता) १.०४८ होता, आता १.०१२ वर आला आहे, म्हणजे एवढी साखर यीस्टने खाल्ली आणि साधारण पावणेपाच टक्के मद्यार्क झाला, असा त्याचा हिशेब. हे मला एकदम पटले. आम्ही सुताचा काउंट (जाडी-बारीकपणा) तपासल्याशिवाय मागाचा बीम भरीत नाही, आणि हा माणूस आकडा स्थिरावल्याशिवाय टाकी उघडीत नाही. लोण्याच्या वासाची गोष्ट सांगितल्यावर तो हसला नाही. "आमच्याकडेही एकदा झाले होते, अख्खी टाकी सोडून दिली," एवढेच म्हणाला. हजार लिटरची टाकी होती.

त्यानंतर लहान ग्लासांचा संच मागवला. गुळभेंडीताईंनी सांगितलेले केळे पहिल्या ग्लासात मिळाले, आणि तेही साधे नव्हे, चांगले पिकलेले वेलची केळे. लवंग मला शोधावी लागली. भाच्याला आधी सापडली. हळूहळू पीत गेलो तसतशी प्रत्येक घोटानंतर काचेच्या आतल्या बाजूला फेसाची एक गोल रेघ उरत होती, टॉवेलच्या किनारीसारखी एकाखाली एक. ग्लास स्वच्छ असेल तरच ती उरते. तेलकट ग्लासात फेस टिकत नाही आणि बुडबुडे काचेला चिकटून बसतात, असे ब्रुअरने सांगितले. आमच्या परमिट रूममधल्या ग्लासात बुडबुडे नेहमीच चिकटलेले असतात, हे मला तेव्हा आठवले.

काळी स्टाउट आवडली, हे मला अनपेक्षित होते. ती थंडगार नव्हती आणि तरीही तिने काही अडले नाही. आयपीए शेवटी घेतली. अजूनही आवडत नाही. पण या वेळी कडूपणाच्या मागे मोसंबीच्या सालीसारखे काहीतरी जाणवले, एवढे कबूल करतो. एकूण चार लहान ग्लास झाले, म्हणजे माझ्या नेहमीच्या बाटलीपेक्षाही कमी, आणि त्यांना पावणेदोन तास लागले. बिल पाहून पुन्हा थोडे दुखले. रात्रीची गाडी पकडली आणि कुर्डुवाडीपर्यंत जागा होतो.

निघताना ज्वारीचा विषय काढलाच. त्याने आजवर ज्वारी घातलेली नाही, पण तांदळाचे काम केले आहे आणि बंगळुरूच्या टॉइटमधली बासमती घातलेली बीअर तो पिऊन आला आहे. आधी शिजवून घालावी लागेल, हे तो आपणहून बोलला, तेव्हा गुळभेंडीताईंची आठवण झाली. चाचणीसाठी वीस लिटरचे छोटे भांडे त्याच्याकडे आहे. पुढच्या खेपेला दोन किलो मालदांडी आणा, म्हणाला. घरात मागच्या हंगामाची ज्वारी आहे. ती अख्खी न्यावी की येथूनच भरडून न्यावी?

गुळभेंडी

अख्खीच न्यावी. ज्वारीचे पीठ आठ-पंधरा दिवसांत कडवट लागू लागते हे आपल्या घरातही ठाऊक असेल, आणि भरडही त्याच वाटेने जाते. शिवाय दाणा किती जाड भरडायचा हे त्याच्या गिरणीवर आणि त्याच्या भांड्यावर ठरेल. फक्त पाखडून, खडे निवडून न्या, आणि कीड लागू नये म्हणून कणगीत पावडर टाकली असेल तर त्यातली अजिबात नेऊ नका. दोन किलो सांगितली असली तरी तीन न्या. पहिल्यांदा शिजवताना त्याची एक किलो बुडाला लागणार आहे.